घरचं ग्रीक योगर्ट कधी जमतं कधी बिघडतं? आधी गळालेल्या पाण्याचा रंग बघा

संध्याकाळी दही एकदम मस्त लागलेलं असतं, पातेलं तिरपं केलं तरी जागचं हलत नाही, ते फडक्यात बांधून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सकाळी उघडायचं तर आत तसंच गिळगिळीत दही आणि खालच्या भांड्यात जेमतेम अर्धी वाटी पाणी. गेल्या हिवाळ्यात माझं हे सलग चार वेळा झालं. मग उन्हाळा लागला आणि प्रकार उलटा झाला, आता पाणी भसाभस गळायचं पण उरलेला गोळा पनीरच्या चुऱ्यासारखा रवाळ आणि आंबट तर असा की मुलानं एक चमचा खाल्ला आणि वाटी सरकवून दिली. दूध तेच, फडकं तेच, हात तोच. तुमच्याकडे पण असंच होत असेल तर हे वाचा, कारण मी जवळजवळ सात महिने दर वेळी वहीत लिहून ठेवलं, किती दूध, किती वेळ तापवलं, विरजण लावताना किती गरम होतं, किती तासांनी लागलं, किती पाणी गळालं. त्यातून जे कळलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर माझं बरंच दूध वाचलं असतं.

आम्ही नागपूरला राहतो हे मुद्दाम सांगतेय. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्या आसपास येतो, म्हणजे ओट्यावर ठेवलेल्या पातेल्यासाठी वर्षभरात दोन वेगळे देशच म्हणा. मुलगा जिमला जातो, त्याला रोज प्रोटीन पाहिजे, दुकानातले छोटे छोटे कप रोज आणणं परवडत नाही आणि फळांच्या चवीचे घेतले तर त्यात साखर येते. म्हणून घरी करायला घेतलं. आणि वाटलं होतं त्यात काय, चक्का तर आपल्याकडे कित्येक पिढ्यांपासून टांगतायत.

इथेच माझी पहिली चूक झाली. चक्का आणि ग्रीक योगर्ट भाऊभाऊ आहेत पण एक नाहीत. श्रीखंडाच्या चक्क्यातलं पाणी आपण जितकं जाईल तितकं घालवतो, नंतर त्यात जवळजवळ बरोबरीनं साखर पडते, वेलची-केशर पडतं आणि पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घासून काढतो. त्यामुळे चक्का थोडा रवाळ असला, थोडा आंबट असला तरी साखर आणि घासणं दोन्ही मिळून सांभाळून घेतात. ग्रीक योगर्ट नुसतं खायचं असतं, त्याला कसलंच पांघरूण नाही, त्यामुळे दह्यात जो दोष असेल तो दुप्पट होऊन समोर येतो कारण आपण ते आटवलेलं असतं. आणि तिकडे ग्रीसमध्ये पूर्वीपासून हे बऱ्याचदा मेंढीच्या दुधाचं करतात, कापडी पिशवीत निथळत ठेवतात. मेंढीच्या दुधात प्रोटीन साडेपाच टक्क्यांच्या आसपास आणि फॅट सहा-सात टक्के, म्हणजे ते दही निथळायच्या आधीच आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट. आपल्या टोन्ड दुधाच्या पाकिटात फॅट ३ टक्के आणि प्रोटीन तीन-सव्वातीन. मग तो घट्टपणा कुठून तरी कमवावा लागतो आणि माझा समज असा होता की तो फडक्यात कमवायचा, अजून दोन तास टांगा, वर वरवंटा ठेवा, पिळा. तसं नाहीये. फडकं फक्त पाणी काढतं, दही कसं आहे ते त्याच्या आधीच पातेल्यात ठरलेलं असतं.

हे मला कळलं ते गळालेल्या पाण्याकडे बघून. आधी मी ते सरळ कणकेत घालायची, बघायची पण नाही. आता सकाळी पहिलं काम म्हणजे ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून खिडकीपाशी धरायचं.

पाणी स्वच्छ असेल, आरपार दिसत असेल आणि रंग किंचित पिवळसर हिरवट असेल तर दही उत्तम लागलेलं होतं (तो हिरवट रंग दुधातल्या बी-२ जीवनसत्त्वाचा असतो, घाबरायचं नाही, मी सुरुवातीला घाबरले होते). पाणी पांढरं, गढूळ, पातळ ताकासारखं असेल तर तुमचं प्रोटीन फडक्यातून वाहून चाललंय. म्हणजे एकतर दूध नीट तापलं नव्हतं, किंवा दही पूर्ण लागायच्या आधीच बांधलं, किंवा कोमट असतानाच बांधलं, किंवा फडकं पिळलं, किंवा फडकं फार विरळ आहे. आणि पाणी जवळजवळ आलंच नाही, थेंब थेंब करून अर्धी वाटी, तर दह्याला तार आलीय. पाणी भरपूर आणि स्वच्छ पण वरचं दही खरबरीत, तर ते जास्त आंबलंय किंवा जास्त गरमीत लागलंय. या चार गोष्टींतली तुमची कुठली आहे ते आधी ठरवा आणि मगच काहीतरी बदला. मी दर वेळी तीन गोष्टी एकदम बदलायची आणि मग सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळायचं नाही.

आता पांढऱ्या पाण्याचं सांगते कारण सगळ्यात जास्त दूध माझं त्यात गेलं. कोणीतरी सांगितलं होतं की पाकिटाचं दूध पाश्चराइज्ड असतं, परत तापवायची गरज नाही, नुसतं कोमट करा आणि विरजण लावा. जंतूंच्या हिशेबानं ते बरोबर असेलही, पण दह्याच्या हिशेबानं नाही. डेअरीत दूध साधारण ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवतात, त्यानं जंतू मरतात पण दुधातलं प्रोटीन होतं तसंच राहतं. आणि दुधातलं प्रोटीन दोन जातींचं असतं, साधारण ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. दही लागतं ते केसिनमुळे, त्याची जाळी बनते आणि त्या जाळीत पाणी अडकतं. व्हे प्रोटीन पाण्यात विरघळलेलं असतं, ते तसंच सोडलं तर फडक्यातून पाण्याबरोबर निघून जातं. पण दूध ८५ डिग्रीला वीस-तीस मिनिटं किंवा ९०-९५ ला दहा मिनिटं ठेवलं तर हे व्हे प्रोटीन उलगडतं आणि केसिनला जाऊन चिकटतं, मग जाळी दाट होते, पाणी धरून ठेवते, आणि जे प्रोटीन वाहून जाणार होतं ते वरच राहतं. म्हणजे दुप्पट फायदा, घट्ट पण होतं आणि भरतं पण जास्त.

एक उकळी फुटली की गॅस बंद, ही आपली सवय आहे, त्यानं थोडं काम होतं पण अर्धवट. लिटर दोन लिटर दूध मोठ्या जाड पातेल्यात सावकाश निवत असेल तर त्यातच बराच वेळ गरम राहतं, पण अर्धा लिटर दूध पातळ भांड्यात लगेच खाली येतं. म्हणून काहींचं कधीच बिघडत नाही, त्यांच्याकडे मोठं पितळी पातेलं भरून दूध तापत असतं आणि तासभर ओट्यावर पडून असतं, त्यांना थर्मामीटर वगैरे काही लागत नाही. मी आता काय करते तर पातेलं आधी पाण्यानं विसळून घेते म्हणजे दूध बुडाला कमी लागतं, उकळी आली की गॅस अगदी बारीक करते आणि दहा-बारा मिनिटं तसंच ठेवते, कडेनं बारीक बुडबुडे आणि वाफ एवढंच पाहिजे, खळखळ उकळायचं नाही, मधूनमधून डाव बुडापर्यंत फिरवायचा. करपलं तर ते दूध ग्रीकला घेऊ नका, तो वास निथळल्यावर जाता जात नाही.

सायीबद्दल पण इथेच बोलते. म्हशीचं सुटं दूध घेत असाल तर वर जाड साय धरते आणि ती तशीच ठेवून विरजण लावलं तर निथळल्यावर पिवळ्या गाठी गाठी सापडतात, फेटून पण मोडत नाहीत. माझ्या सासूबाई साय आधी काढून तुपासाठी वेगळी ठेवतात आणि खालच्या दुधाचं दही लावतात, तेच करायचं. दूध निवताना वर जी पातळ साय धरते ती पण मी गाळणीनं काढून टाकते. पाकिटाच्या होमोजिनाइज्ड दुधात फॅट सगळीकडे सारखं पसरलेलं असतं म्हणून तिथे हा त्रास कमी. टेट्रापॅकच्या दुधावर माझा भरवसा नाही, ते १३५ डिग्रीच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं आणि त्याचं दही माझं दर वेळी सैलच लागलं.

दूध पावडर घालायची का? फुल क्रीम दुधाला, म्हणजे ६ टक्के फॅटवाल्याला, गरज नाही. टोन्ड घेत असाल तर लिटरला ३० ग्रॅम साधी स्किम्ड पावडर घाला, त्यात साधारण ३५ टक्के प्रोटीन असतं म्हणजे दहा ग्रॅमची भर पडते. पण थंड दुधातच घाला आणि रवीनं घुसळून घ्या, गरम दुधात टाकली की गोळ्या होतात आणि मग त्या गोळ्यांना आपण रवाळ दही समजून भलतीकडेच कारण शोधत बसतो. चहा-कॉफीसाठी जी गोड व्हाइटनर पावडर मिळते ती घेऊ नका.

आता हिवाळ्यातली ती तार. हा प्रकार मला सगळ्यात जास्त वेळ छळून गेला कारण दही दिसायला एकदम घट्ट असतं, चव पण छान, गोडसर. पण चमचा बुडवून वर उचलला की मधासारखी लांब तार निघते. आणि अशा दह्यातलं पाणी सुटतच नाही. मी फडकी बदलली, चाळणी बदलली, वर वजन ठेवलं तर दही फडक्याच्या बाहेर यायला लागलं पण पाणी नाही आलं. कारण ती तार म्हणजे जिवाणूंनी बनवलेली चिकट साखळ्यांची शर्करा असते, ती पाणी स्वतःत धरून ठेवते आणि फडक्याची छिद्रं पण बुजवते.

असं का होतं ते समजून घ्यायला विरजणात कोण कोण राहतं ते बघावं लागतं. योगर्ट ज्यांच्यामुळे बनतं ते मुख्य दोन, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस, (पहिल्याचं नाव बल्गेरियावरून पडलं, स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन शास्त्रज्ञानं १९०५ मध्ये तो शोधला), आणि या दोघांना ४२ ते ४५ डिग्रीची ऊब लागते. आपल्या घरच्या विरजणात यांच्याशिवाय लॅक्टोकोकस वगैरे मंडळी पण असतात ज्यांना २०-३० डिग्री पुरते. त्यांच्यातले काही चिकट तार बनवणारे असतात, फिनलंडमध्ये तर असं तारेचं दही मुद्दाम करतात आणि आवडीनं खातात. म्हणजे ते विष नाही, फक्त निथळायच्या कामाचं नाही. नागपूरच्या थंडीत मी कोमट दुधाला विरजण लावून ओट्यावर ठेवायची, दोन तासांत पातेलं गार, मग रात्रभर चौदा-पंधरा तास दही लागत बसायचं आणि त्या गारव्यात ऊबवाले झोपलेले आणि हे दुसरे जोरात. आणि मग मी त्याच दह्यातलं चमचाभर पुढच्या दुधाला लावायची! म्हणजे दर वेळी तारवाल्यांचीच संख्या वाढवायची. चार वेळा सलग बिघडण्याचं कारण एवढंच होतं.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "अगं तार आलेलं विरजण पुढे चालवायचं नसतं, शेजारून वाटीभर आण नवीन." मला लहानपणी कळायचं नाही की आई शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला का पाठवते, आपल्याकडे दही असून. ते यासाठी होतं. मी शेजारच्या ताईंकडून आणलं, त्याचं दही गुळगुळीत कापल्यासारखं लागायचं, आणि पहिल्याच खेपेला पाणी स्वच्छ आलं. शेजारी मिळालं नाही तर साधं, बिनसाखरेचं, ताज्या तारखेचं विकतचं दही घ्या, आधी चमचा बुडवून तार बघा आणि मगच वापरा. काही विकतची दही घट्ट दिसावीत म्हणून थोडी चिकट जातीची विरजणं वापरलेली असतात, ती खायला चांगली पण निथळायला वेळ खातात. फळांच्या चवीचं किंवा गोड दही विरजणाला नको.

नुसतं विरजण बदलून भागत नाही, ऊब पण सांभाळायला लागते नाहीतर महिनाभरात परत तेच. विरजण लावताना दूध ४३-४४ डिग्री पाहिजे. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवा, गरम लागलं पाहिजे पण चटका न बसता सावकाश दहा मोजता आले पाहिजेत. पन्नासच्या पुढे विरजण मरगळतं आणि ५५-६० ला मरतंच, मग दही लागत नाही आणि आपण विरजणाला नावं ठेवतो. मी शेवटी स्वयंपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर घेतला आणि मला वाटतं या सगळ्यात तो सगळ्यात चांगला खर्च होता. मग ऊब टिकवायची कशी, तर मोठ्या कुकरमध्ये तळाला बोटभर गरम पाणी (साधारण ५० डिग्री), आत छोटी जाळी, त्यावर झाकलेला दह्याचा डबा, कुकरचं झाकण लावायचं आणि सगळा कुकर जुन्या रजईत गुंडाळून कोपऱ्यात. तीन तासांनी एकदा पाणी तेवढं बदलायचं, डबा हलवायचा नाही. सहा-साडेसहा तासांत लागतं. कोणी आतला दिवा लावून ओव्हनमध्ये ठेवतात, कोणी कॅसरोलमध्ये, इन्स्टंट पॉटवाल्यांना तर बटण आहे. पुण्या-नाशकाकडची थंडी असो किंवा परदेशातली, हिशेब तोच आहे, रात्रभर पातेलं गार पडू द्यायचं नाही.

उन्हाळ्यात हे सगळं उलटं. एप्रिलमध्ये आमच्या स्वयंपाकघरात रात्री पण ३५-३६ असतं, दही चार तासांत लागतं. मी हिवाळ्याची सवय म्हणून रात्री दहाला लावून सकाळी सातला बघायची, म्हणजे नऊ तास. वर बोटभर पाणी सुटलेलं आणि मध्ये भेग. आणि अजून एक, थंडीत लवकर लागत नाही म्हणून मी विरजण दुप्पट करत गेले होते, लिटरला पाव वाटी, आणि उन्हाळ्यात तेच चालू ठेवलं. विरजण जास्त झालं की दही घट्ट होत नाही, ते घाईनं आंबतं. आणि घाईनं आंबलं की जाळी आवळते, पाणी बाहेर फेकते, कण कण होतात. लिटरला २० ते २५ ग्रॅम पुरे, म्हणजे एक मोठा चमचा भरून, आणि ते वाटीभर कोमट दुधात एकजीव करून मग घालायचं. हिवाळ्यात पण एवढंच, तिथे ऊब वाढवायची, विरजण नाही.

दही लागलं की नाही हे घड्याळावर सोडू नका. उन्हाळ्यात मी तीन तासांनी पहिल्यांदा बघते, डबा हळूच तिरपा करते, दही एका लादीसारखं कडेपासून सुटत असेल आणि कडेला पाण्याची नुसती पुसट रेघ दिसत असेल तर लगेच फ्रीजमध्ये. अदमुरं वाटलं तर अर्धा तास अजून. म्हणून आता मी रात्री लावतच नाही, दुपारी जेवणं झाली की लावते आणि संध्याकाळी चहाच्या वेळी फ्रीजमध्ये जातं. कूलरच्या खोलीत ठेवून पण बघितलं, एक तास जास्त मिळतो पण कूलरमधलं पाणी संपलं की हिशेब चुकतो.

यानंतर जी पायरी मी आधी करतच नव्हते ती म्हणजे लागलेलं दही बांधायच्या आधी फ्रीजमध्ये किमान चार-पाच तास पूर्ण गार करायचं. गार झालं की जाळी आवळून पक्की होते, मग फडक्यात टाकलं तरी मोडत नाही आणि पाणी स्वच्छ येतं. कोमट दही फडक्यात ओतलं की पांढरं पाणी ठरलेलं. आणि निथळणं पण फ्रीजमध्येच. पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या खुंटीलाच रात्रभर टांगतात, पण बाहेर टांगलेलं दही रात्रभर आंबत राहतं, श्रीखंडात साखर ते झाकते, इथे झाकणारं कोणी नाही.

रवाळपणाची एक सोपी परीक्षा सांगते. निथळलेलं थोडं दही अंगठा आणि बोटात चोळा. कण मोडून लोण्यासारखं पसरलं तर ती नुसती गाठ आहे, व्हिस्कनं दोन मिनिटं फेटा, साफ होतं. चोळून पण बारीक वाळूसारखं लागत राहिलं तर ते जास्त गरमीत लागलंय किंवा जास्त आंबलंय किंवा पावडर विरघळली नव्हती, ते फेटून सुधरत नाही, मिक्सरला लावू नका कारण मग पातळ होतं आणि कण तरी राहतातच. त्याचं सरळ श्रीखंड करा किंवा काकडी, लसूण, मिरपूड घालून डिप. लागत असताना डबा हलवला, दर अर्ध्या तासाला झाकण उघडून चमचा घातला तरी असे कण पडतात, आमच्याकडे हे मुलाच्या कुतूहलामुळे दोनदा झालं.

फडक्याचं फार काही नाही. जुनं धुवून मऊ झालेलं सुती उपरणं किंवा मलमल दुहेरी-चौपदरी, आधी ओलं करून पिळून घ्यायचं. वासाच्या पावडरीत किंवा कंडिशनरमध्ये धुतलेलं नको, तो वास दही पटकन घेतं, गरम पाण्यात उकळून उन्हात वाळवलेलं सगळ्यात छान. टांगायची पण गरज नाही, चाळणीत फडकं, खाली खोल भांडं, वर ताटली, आणि मधोमध फ्रीजच्या कप्प्यावर. दही ओतायचं नाही, डावानं मोठे मोठे तुकडे अलगद ठेवायचे. दीड-दोन तासांनी एकदा उघडून कडेचा फडक्याला चिकटलेला थर उलथन्यानं मध्ये घ्या, कारण तो थर सुकून घट्ट होतो आणि मग आतलं पाणी अडकतं. पिळायचं नाही, एवढं मात्र कटाक्षानं पाळा.

किती वेळ ठेवायचं हे तासांवर ठरवण्यापेक्षा वजनावर ठरवा. लिटरभर दुधाचं दही साधारण १०३० ग्रॅम भरतं. ते ५०० ग्रॅमच्या आसपास आलं की छान मऊ, चमच्यावर उभं राहणारं ग्रीक. टोन्ड दूध असेल तर मी ४०० ग्रॅमपर्यंत नेते. तीनशेच्या जवळ गेलात की तो चक्का. प्रोटीनचा हिशेब पण यातूनच निघतो, लिटरभर टोन्ड दुधात साधारण ३१-३२ ग्रॅम, थोडं पाण्याबरोबर जातं, तर ४०० ग्रॅममध्ये २८ धरा, म्हणजे शंभराला सात. पावडर घातली की नऊच्या पुढे जातं. जास्त सुकलं तर काळजी करू नका, गळालेलं पाणीच चमचा चमचा परत घालून फेटा, साधं पाणी नको.

दही लागलंच नाही असं झालं तर लगेच ओतून देऊ नका, परत ऊब देऊन दोन तास बघा. तरी पातळच राहिलं तर बहुतेक विरजण मेलेलं किंवा दूध फार गरम होतं. सुट्या दुधाच्या बाबतीत एक शक्यता अशी पण असते की जनावराला अँटिबायोटिक चालू असेल, त्याचा अंश दुधात उतरतो आणि विरजणाचे जिवाणू वाढत नाहीत, सलग दोन दिवस चांगलं विरजण लावून पण दही नाही लागलं तर दूधवाल्या दादांना विचारा. कडवट चव येत असेल तर विरजण जुनं झालंय. आणि बुडबुडे, दारूसारखा वास, गुलाबी-केशरी-हिरवा डाग यातलं काहीही दिसलं तर ते पूर्ण फेकायचं, वरचा भाग काढून खालचं खायचं नाही.

गळालेल्या पाण्याचं मी थालीपीठाचं पीठ भिजवते, पोळ्यांची कणीक मळते, कढीत घालते, आणि आंबट असेल तर पुढच्या वेळी पनीर फाडायला लिंबाऐवजी तेच वापरते. ते पाणी उकळून त्यातून अजून चीज काढता येतं असं ऐकून मी एकदा दीड लिटर पाणी उकळलं, हातात चमचाभर पण आलं नाही. आता कळतं की दूध नीट तापवलेलं असलं की ते प्रोटीन आधीच दह्यात अडकलेलं असतं, पाण्यात शोधून काय मिळणार. झाडांना रोज घालू नका, आंबट असतं.

विरजण तारेला लागू नये म्हणून आता मी एक सोय करून ठेवलीय. चांगलं लागलेलं, न निथळलेलं ताजं दही बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवते आणि क्यूब डब्यात भरून ठेवते. नेहमीचं विरजण सहा-सात वेळा फिरवलं की ते बंद, आणि फ्रीजरमधला एक क्यूब, साधारण २० ग्रॅम भरतो, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात वितळवून त्यानं नवीन सुरुवात, पहिल्या वेळी लागायला तासभर जास्त लागतो. गावाला महिनाभर जाऊन आलं तरी चालतं. शेजारच्या ताईंचं विरजण मध्ये एकदा खराब झालं तेव्हा त्यांच्याच विरजणाचे चार क्यूब मी त्यांना परत नेऊन दिले.